उसाच्या रसावर वाढलेलं शेवाळ माशाला कधी परवडतं?

ब्राझीलच्या साओ पावलो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात ओरिंडियुव्हा नावाचं छोटं गाव आहे. भोवताली नजर पोहोचेल तिथवर ऊस. गावाजवळ मोएमा हा साखर कारखाना आणि त्याला खेटून दुसरा एक कारखाना. या दुसऱ्या कारखान्यात स्टीलच्या प्रचंड टाक्या आहेत, एकेकीत सव्वासहा लाख लिटर मावतील एवढ्या. त्या टाक्यांत उसाच्या साखरेवर सूक्ष्म शेवाळ वाढवतात, ते वाळवून त्याची भुकटी करतात, आणि ती भुकटी नॉर्वेच्या थंड खाड्यांतल्या सॅमन माशांच्या खाद्यात जाते.

शेवाळापासून शाश्वत मत्स्यखाद्य या विषयावर मराठीत जे काही वाचायला मिळतं, त्यात हिरवीगार तळी असतात, सूर्यप्रकाश असतो आणि ‘भविष्याचं खाद्य’ असे शब्द असतात. पैशाचा हिशेब नसतो. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणूनच हिशेब मांडावासा वाटतो. त्यासाठी मोएमाइतकं (पुढे मोएमा म्हणजे बहुधा हा शेवाळाचा कारखाना) चांगलं प्रकरण दुसरं नाही, कारण हा कारखाना माशांसाठी उभारलाच नव्हता. तो उभारला तेल बनवायला, त्यामागची कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि मग त्याच टाक्यांना माशांनी तारलं. टाक्या त्याच, ऊस तोच. बदललं काय, हे पाहिलं की शेवाळाचं अर्थकारण उलगडतं.

अंधारात वाढणारं शेवाळ

आधी एक गैरसमज दूर करू. मोएमाच्या टाक्यांत प्रकाश नसतो. तिथला जीव प्रकाशसंश्लेषण करत नाही. तो साखर खातो, हवेतला ऑक्सिजन घेतो आणि अंगात चरबी साठवतो. माशांसाठी वापरतात त्या जातीचं नाव शिझोकायट्रियम. काटेकोर वर्गीकरणात ते खरं शेवाळही नाही, पण व्यापारात त्याला शेवाळच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.

मग सूर्यप्रकाश फुकट असताना साखर विकत घेऊन का घालायची? उत्तर पाण्यात आहे. उघड्या तळ्यात लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम शेवाळ मिळतं. एक किलो सुकं शेवाळ हवं तर टन-दोन टन पाणी गाळायचं, मग ओला लगदा वाळवायचा. बंद टाकीत साखरेवर वाढलेलं शिझोकायट्रियम लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे किलोमागे दहा लिटर पाणी. गाळणं, पंप चालवणं, वाळवणं या सगळ्यांचा खर्च या एका फरकाने बदलतो.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये शंभर हेक्टरच्या कल्पित प्रकल्पाचा हिशेब मांडला होता. सूर्यप्रकाशावरच्या शेवाळाचा उत्पादनखर्च उघड्या तळ्यात किलोला ४.९५ युरो, नळ्यांच्या यंत्रणेत ४.१५ युरो आणि सपाट पॅनेलमध्ये ५.९६ युरो आला. फिशमील, म्हणजे मासळी वाळवून केलेली भुकटी, किलोला दीड डॉलरच्या आसपास मिळत असेल, तर खाद्यकंपनी हे शेवाळ घेणार नाही. घेऊ शकतात ती फक्त बीजकेंद्रं, जिथे कोळंबीच्या किंवा शिंपल्यांच्या अगदी लहान पिल्लांना जिवंत शेवाळच लागतं आणि ते थोडंसंच लागतं. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कोळंबी बीजकेंद्रांत कीटोसेरॉस नावाचं शेवाळ वाढवतात ते याच गरजेपोटी. तो धंदा खरा आहे, पण टनांचा नाही.

इंधनाचं गणित कुठे फसलं

मोएमाची गोष्ट २००३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू होते. जोनाथन वुल्फसन आणि हॅरिसन डिलन या दोन कॉलेजमित्रांनी सोलाझाइम नावाची कंपनी काढली. शेवाळापासून तेल काढायचं, तेलापासून इंधन करायचं. सुरुवातीलाच त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला: तळी सोडली आणि अंधाऱ्या टाक्या धरल्या. अमेरिकी नौदलाने त्यांच्याकडून इंधन घेतलं. २०११ च्या डिसेंबरमध्ये डायनॅमिक फ्युएल्स या दुसऱ्या कंपनीसोबत साडेचार लाख गॅलन जैवइंधनाचं कंत्राट झालं, १२ दशलक्ष डॉलरचं. लिटरला साधारण सात डॉलर. २०१२ च्या जुलैत हवाईजवळच्या कवायतीत त्या इंधनावर जहाजं आणि विमानं चालली. छायाचित्रं जगभर गेली.

त्याआधी, २०११ च्या मेमध्ये, कंपनी १८ डॉलर भावाने शेअर बाजारात उतरली होती. समभागविक्रीच्या कागदपत्रांत एक दावा होता: खास या कामासाठी बांधलेल्या कारखान्यात तेलाचा खर्च टनाला १००० डॉलरच्या खाली आणता येईल.

हा दावा आपण कारखान्याच्या भाषेत तपासू. साखरेपासून चरबी बनवताना निसर्गाची मर्यादा आहे. कितीही हुशार जीव असला तरी एक किलो तेलाला निदान तीन किलो साखर लागतेच, कारण चरबी बनवताना बरंचसं कार्बन वायू होऊन निघून जातं. जीवाला वाढायला, जगायला लागणारी साखर धरली की व्यवहारात चार-पाच किलो म्हणावेत. २०१४ मध्ये कच्च्या साखरेचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला १६-१७ सेंटच्या घरात होता, म्हणजे टनाला साधारण ३५० ते ३७५ डॉलर. चार टन साखर म्हणजे चौदा-पंधराशे डॉलर. खनिज तेल शंभर डॉलर पिंपाने धरलं तरी टनाला ७३० डॉलर होतं. नुसता कच्चा माल तयार मालाच्या दुप्पट! वीज, वाफ, पगार, व्याज अजून बाजूलाच.

कंपनीचं उत्तर असं होतं की आम्ही साखर विकत घेणार नाही, कारखान्याचा रसच घेऊ. रस आटवणं, दाणा पाडणं, वाळवणं, पोती भरणं हा खर्च वाचेल. यात तथ्य आहे. रसातली साखर टनाला दोनशे डॉलरने मिळाली तर चार टनांचे आठशे होतात आणि हजाराच्या आतलं स्वप्न निदान कागदावर उभं राहतं. पण ज्याने साखर कारखाना जवळून पाहिलाय त्याला इथली मेख कळेल. कारखान्याचा रस कधीच ‘स्वस्त’ नसतो. साखर महाग असली की रस साखरेकडे ओढतो, इथेनॉलला भाव असला की इथेनॉलकडे. आपल्याकडे ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, तेव्हा ही ओढाताण राज्यातल्या प्रत्येक कारखान्याने अनुभवली. रसावर तिसरा हक्कदार यायचा असेल तर त्याने पहिल्या दोघांइतका भाव द्यायला हवा. इंधन बनवणारा तो देऊ शकत नव्हता.

मोएमा

२०१२ मध्ये सोलाझाइमने बंज या बड्या धान्य-साखर कंपनीसोबत संयुक्त कंपनी स्थापन केली. सोलाझाइमचा हिस्सा ५०.१ टक्के, बंजचा ४९.९. ब्राझीलच्या बीएनडीईएस या विकास बँकेने कर्ज दिलं. जागा बंजच्या मोएमा कारखान्याला लागून, क्षमता वर्षाला एक लाख टन तेल. कल्पना सुंदर होती. ऊस शेजारी, रस पाइपातून, वाफ आणि वीज बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, बॉयलरमधून.

२०१४ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि तिथेच अडकलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की पूर्ण क्षमता ठरल्या वेळी गाठता येणार नाही. एक कारण होतं वीज आणि वाफेचा खंडित पुरवठा. शेअरचा भाव एका दिवसात निम्म्याहून जास्त कोसळला.

वीज आणि वाफ हे कारण ऐकायला किरकोळ वाटतं. माझं बालपण साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं, वडील डिस्टिलरीत होते, त्यामुळे मला ते किरकोळ वाटत नाही. डिस्टिलरीत यीस्ट हवेशिवाय काम करतं. लाइट गेली तर वडील कंदील घेऊन चक्कर मारायचे, वॉश, म्हणजे आंबणारा द्रव, थोडा गरम व्हायचा, पण बॅच मरायची नाही. शेवाळाच्या टाकीत उलट आहे. लिटरला शंभर ग्रॅम जीव श्वास घेत असतात. कॉम्प्रेसर थांबला की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बघता बघता संपतो. सव्वासहा लाख लिटरची टाकी गुदमरते. वाफ कमी पडली तर निर्जंतुकीकरण अर्धवट राहतं आणि साखरेवर टपलेले जिवाणू आत शिरतात, जे शेवाळापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. एक बॅच वाया म्हणजे तिच्यातली साखर, तिच्यावर खर्च झालेली वीज आणि टाकीचे इतके दिवस, तिन्ही गटारात.

त्यात हंगामाचा प्रश्न. ब्राझीलच्या मध्य-दक्षिण भागात गाळप साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालतं. बंद काळात रस नाही. टाक्या चालू ठेवायच्या तर साठवलेली साखर वापरायची, जी रसाच्या भावाची नसते. टाक्या थांबवायच्या तर व्याज थांबत नाही.

आणि मग खनिज तेल पडलं. २०१४ च्या मध्याला शंभराच्या वर असलेलं पिंप २०१५ च्या जानेवारीत पन्नासच्या खाली आलं.

यानंतरची दोन-अडीच वर्षं मी शिडी चढण्याची वर्षं म्हणेन. इंधन सोडून कंपनी साबणाच्या तेलाकडे, ड्रिलिंगच्या वंगणाकडे, सौंदर्यप्रसाधनांकडे, स्वयंपाकाच्या तेलाकडे आणि शेवाळाच्या पिठाकडे वळली. २०१६ च्या मार्चमध्ये नाव बदलून टेराव्हिया केलं. किलोला जास्त भाव देणारं गिऱ्हाईक शोधत वर वर जाणं चालू होतं. पण वरच्या पायऱ्यांवर गिऱ्हाईक थोडं असतं. क्रीमसाठी लाखभर टन तेल कोणाला हवंय? एवढ्या मोठ्या टाक्या भरायच्या तर भाव चांगला आणि खप मोठा, दोन्ही एकत्र असलेली पायरी हवी होती. ती होती मासा. २०१६ मध्येच डेन्मार्कच्या बायोमार या खाद्यकंपनीशी करार झाला आणि ‘अल्गाप्राइम डीएचए’ (डीएचए हे एक ओमेगा-३ मेदाम्ल) हे उत्पादन सॅमनच्या खाद्यात जाऊ लागलं. पण घर बुडायला आलं तेव्हा होडी सापडली. २ ऑगस्ट २०१७ ला टेराव्हियाने दिवाळखोरीचा अर्ज केला.

वीस दशलक्ष डॉलर

कंपनी विकत घेतली नेदरलँड्सच्या कॉर्बियनने, २० दशलक्ष डॉलर रोख आणि काही देणी स्वीकारून. पुढे बंजचा हिस्साही कॉर्बियनकडे आला. एक योगायोग सांगावासा वाटतो: कॉर्बियनचं मूळ एका जुन्या डच साखर कंपनीत आहे आणि आज तिचा मुख्य धंदा लॅक्टिक ॲसिडचा, म्हणजे साखर आंबवण्याचाच. साखर, टाकी, वाफ आणि जंतू यांच्यासोबत पिढ्यान् पिढ्या काढलेली माणसं पहिल्यांदाच मोएमात आली.

या किमतीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. समजा असा प्रकल्प उभा करायला २०० दशलक्ष डॉलर लागले आणि त्यातून वर्षाला २० हजार टन माल निघतो. व्याज आणि घसारा मिळून भांडवलावर वर्षाला बारा टक्के धरले तर २४ दशलक्ष होतात, टनामागे १२०० डॉलर. तोच प्रकल्प दिवाळखोरीतून एक दशांश किमतीला मिळाला तर टनामागे १२० डॉलर. हे आकडे उदाहरणाचे आहेत, मोएमाच्या जमाखर्चातले नाहीत. पण टनामागे हजार डॉलरचा हा फरक कुठल्याही नव्या जातीच्या शेवाळापेक्षा आणि कुठल्याही संशोधनापेक्षा मोठा आहे. तो पैसा पहिल्या भागधारकांनी आणि कर्जदात्यांनी भरला. मोएमाकडे बोट दाखवून कोणी ‘बघा, शेवाळ परवडतं’ म्हणाला तर त्याने ही ओळही वाचावी.

माशाला नेमकं काय हवंय

सॅमनला शेवाळ नको असतं. त्याला डीएचए आणि ईपीए ही दोन लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं हवी असतात. समुद्रात ती सूक्ष्म शेवाळ बनवतं, ते खाणारे बारीक प्राणी छोटे मासे खातात, आणि छोटे मासे सॅमन खातो. पिंजऱ्यातल्या सॅमनला ती फिश ऑइलमधून देतात, आणि फिश ऑइलचा सर्वात मोठा स्रोत म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्हेटा, आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. जगात वर्षाला फिश ऑइल निघतं साधारण दहा लाख टन. मत्स्यशेती कितीही वाढली तरी हा आकडा वाढत नाही, कारण समुद्रातली मासळी वाढत नाही.

म्हणून खाद्यात फिश ऑइल पातळ होत गेलं. नॉर्वेच्या सॅमनच्या खाद्यात १९९० मध्ये सुमारे ९० टक्के घटक समुद्रातले होते, २०१३ मध्ये सुमारे ३० टक्के उरले. बाकी सोयाबीन, गहू, मोहरीवर्गातलं रेपसीड तेल. मासा वाढतो, पण त्याच्या मांसात ओमेगा-३ कमी होतं. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या सॅमनमधलं ईपीए-डीएचए जवळपास निम्म्यावर आलं. ज्या गुणासाठी लोक महागडा सॅमन घेतात तोच गुण निम्मा झाला. शेवाळाची खरी बाजारपेठ ही आहे.

इथे मोएमाच्या प्रक्रियेतही मोठा बदल झाला आणि मला तो सगळ्यात हुशारीचा वाटतो. माशासाठी तेल वेगळं काढायची गरज नाही. पेशी तशाच वाळवायच्या आणि खाद्यात मिसळायच्या. तेल काढायचा टप्पा गेला, त्याची यंत्रं, वीज आणि घट गेली, आणि पेशीतलं प्रथिनही माशाच्या पोटात गेलं.

किलोचा भाव आणि ओमेगाचा भाव

आता मुख्य हिशेब. पेरूच्या तेलाला व्यापारात ‘अठरा-बारा’ म्हणतात: १८ टक्के ईपीए, १२ टक्के डीएचए. म्हणजे एक टन तेलात ३०० किलो कामाचं ओमेगा-३ आणि ७०० किलो साधी चरबी, जी रेपसीड तेलानेही भागते. साधी चरबी किलोला एक डॉलर धरू. फिश ऑइल टनाला २००० डॉलर असेल तर त्यातले ७०० साध्या चरबीचे, उरलेले १३०० ओमेगाचे. किलोला ४.३३ डॉलर. फिश ऑइल ६००० ला गेलं तर साध्या चरबीचे ७०० तेवढेच राहतात, ओमेगाचे ५३०० होतात. किलोला १७.६७ डॉलर. तेलाचा भाव तिप्पट, ओमेगाचा चौपट.

आता निम्मं ओमेगा असलेलं शेवाळतेल घ्या. पहिल्या परिस्थितीत त्याला टनाला २६६७ डॉलरच्या वर कोणी दमडी देणार नाही. दुसऱ्या परिस्थितीत ९३०० डॉलरही परवडतात. साखरेचा हिशेब आठवा: तेलाच्या टनामागे चार-पाच टन साखर, म्हणजे दीड-दोन हजार डॉलर. पहिल्या परिस्थितीत उरतात सातशे ते अकरा-बाराशे, त्यात वीज, वाफ, पगार भागवायचे आणि भांडवलाचे बाराशे बाहेरून आणायचे. नवा कारखाना बुडतो, दिवाळखोरीतून घेतलेला जेमतेम तगतो. दुसऱ्या परिस्थितीत दोघंही मजेत.

शेवाळाचा कारखाना ब्राझीलमध्ये, पण त्याचा नफा-तोटा ठरतो पेरूत. २०२३ च्या जूनमध्ये एल निनोमुळे पाणी तापलं, जाळ्यात पिल्लंच जास्त येऊ लागली, आणि पेरूच्या सरकारने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा अँकोव्हेटाचा पहिला हंगामच रद्द केला. २०२० च्या आसपास टनाला दोन-अडीच हजार डॉलरच्या घरात असलेलं फिश ऑइल त्यानंतर कित्येक पटींनी महागलं. फिश ऑइल महागल्याच्या याच काळात कॉर्बियनचा शेवाळविभाग वर्षानुवर्षांच्या तोट्यातून नफ्यात आला.

दुसरीकडे डीएसएम आणि इव्होनिक या कंपन्यांनी व्हेरामारिस नावाने २०१९ मध्ये अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ब्लेअर गावी २०० दशलक्ष डॉलरचा नवा प्रकल्प सुरू केला. तिथे उसाऐवजी मका आहे, शेजारी मक्यापासून साखर बनवणारा कारखाना आहे, आणि तेलात डीएचए-ईपीए दोन्ही आहेत. सॅमन उद्योगाची ओमेगा-३ ची १५ टक्के गरज भागेल एवढी क्षमता त्यांनी जाहीर केली होती. कोरी करकरीत गुंतवणूक घेऊन त्यांनी तोच बाजार धरला, यावरून गिऱ्हाईक खरं आहे एवढं तरी कळतं.

पैसे कोण देतो

समजा खाद्याच्या टनात पाच किलो ओमेगा-३ शेवाळातून घालायचं आहे आणि ते फिश ऑइलच्या ओमेगापेक्षा किलोला पाच डॉलर महाग पडतंय. टनामागे २५ डॉलर वाढले. खाद्य टनाला दीड हजार डॉलर धरलं तर साधारण १.७ टक्के. सॅमनच्या किलोला सव्वा किलो खाद्य लागतं, म्हणजे माशाच्या किलोमागे तीन सेंट. दुकानात गिऱ्हाईकाला हे जाणवणारही नाही. पण खाद्य हा सॅमनशेतीच्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग असतो, आणि शेतकरी खाद्याच्या टनामागे पाच-दहा डॉलरसाठी कंपनी बदलतो. ज्याला तीन सेंट सहज परवडतात तो साखळीच्या शेवटी उभा आहे, आणि ज्याला २५ डॉलर जड जातात तो खरेदीचा निर्णय घेतो.

ही गाठ सुटली ती जिथे दुकानदार मागे उभा राहिला तिथे. नॉर्वेच्या क्वारोय या कौटुंबिक कंपनीने बायोमारचं शेवाळयुक्त खाद्य लवकर स्वीकारलं आणि मासा अमेरिकेत होल फूड्सच्या दुकानांत विकला. जर्मनीच्या काउफलँड या दुकानसाखळीने लिंगालाक्स या नॉर्वेच्या सॅमन कंपनीकडून व्हेरामारिसच्या तेलावर वाढलेला सॅमन आणला. वेष्टनावर शेवाळाचा उल्लेख असला की ते तीन सेंट गिऱ्हाईक आनंदाने देतं.

शाश्वत म्हणजे किती

इथे मी थोडा थांबतो, कारण शेवाळाच्या बाजूने बोलणारे इथेच घाई करतात. साओ पावलोत हेक्टरी ७५ टन ऊस धरला तर साधारण दहा टन साखर निघते. किलोभर डीएचएला आठ-दहा किलो साखर धरली तर हेक्टरमागे वर्षाला एक टन डीएचए. तेवढंच ओमेगा-३ अँकोव्हेटातून काढायचं तर सव्वातीन टन फिश ऑइल लागेल, आणि मासळीतून चार-पाच टक्केच तेल निघतं, म्हणजे सत्तर टनांच्या आसपास मासळी. हेक्टरभर उसासमोर सत्तर टन मासे, हे पारडं शेवाळाकडे झुकतं. पण ते सत्तर टन नुसत्या तेलासाठी पकडत नाहीत. त्यातून पंधरा टनांच्या घरात फिशमीलही निघतं. शेवाळाने तेलाची गरज भागवली तरी फिशमीलसाठी बोटी समुद्रात जातीलच. म्हणून ‘एक टन शेवाळ, साठ टन मासे वाचले’ अशी वाक्यं मला अपुरी वाटतात. शेवाळाने मासे वाचतात असं म्हणण्यापेक्षा, पकडलेल्या तेवढ्याच माशांवर जास्त सॅमन वाढवता येतो, असं म्हणणं सत्याच्या जवळ जातं.

शर्यतीत दुसरेही आहेत. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था आणि न्युसीड ही बियाणे कंपनी यांनी शेवाळाची जनुकं घालून डीएचए बनवणारं कॅनोला (रेपसीडचाच एक प्रकार) तयार केलं. शेतात उगवणाऱ्या बीला ना कॉम्प्रेसर लागतो ना वाफ. जनुकीय बदल नको म्हणणाऱ्या बाजारात टाकीतलं शेवाळ टिकेल, इतरत्र कॅनोलाशी गाठ आहे.

आपल्याकडे होईल का

हा प्रश्न मला कारखान्यातले जुने मित्र विचारतात, कारण आपल्याकडे ऊस आहे, को-जन (चिपाडावरची सहवीजनिर्मिती) आहे, आंबवण्याची जाण असलेली माणसं आहेत. माझं मत असं आहे की अडचण टाकीत नाही, गिऱ्हाईकात आहे. आंध्रच्या तळ्यांतल्या रोहू-कटल्याला भाताचा कोंडा आणि शेंगपेंड पुरते, त्यांना समुद्री ओमेगा-३ लागत नाही. वनामेई कोळंबीच्या खाद्यात थोडं फिश ऑइल असतं, पण सॅमनच्या मानाने फारच कमी. किनाऱ्यावरचे फिशमीलचे कारखाने तारली आणि बारीक मासळी दळतात तोवर इथला खाद्यवाला ओमेगासाठी जास्तीचे पैसे मोजणार नाही. म्हणजे माल निर्यातच करावा लागेल, आणि मग स्पर्धा थेट मोएमाशी, जिथे भांडवलाचा भार आधीच कोणी उचललाय आणि गाळप सात-आठ महिने चालतं. आपला गळीत हंगाम चार-पाच महिन्यांत आटोपतो.

तरीही कोणी करायचंच म्हणेल तर मी त्याला आधी तीन कागद मागेन. पहिला, साखरेला आणि इथेनॉलला चांगला भाव असतानाही रस किंवा साखर ठरलेल्या दराने देण्याचा कारखान्याचा करार. दुसरा, युरोपातल्या खाद्यकंपनीची निदान पाच वर्षांची खरेदीची हमी, आणि तीही फिश ऑइल टनाला दोन हजारांवर असताना टिकणारी. तिसरा, मे ते ऑक्टोबर कारखान्याचं बॉयलर बंद असताना वाफ आणि वीज कुठून येणार, त्याचा मिनिटामिनिटाचा आराखडा. माझ्याकडे आतापर्यंत दोघंजण प्रकल्प अहवाल घेऊन आले. दोघांच्याही अहवालात हिरव्या तळ्याचं छायाचित्र होतं, तिसरा कागद कोणाकडेच नव्हता.